मुलांसह बजेटमधला परदेशी वीकेंड: सिंगापूरहून मलाका, कोणी केलंय का?

क्लेमेंटीची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापूरला चार वर्षं आहोत, मुलं ९ आणि ५ वर्षांची, आणि सध्या सासूबाई सांगलीहून महिनाभरासाठी आल्यात. मार्चच्या शाळेच्या सुट्टीत दोन रात्रींसाठी कुठेतरी बाहेर जायचंय, पण विमानाची तिकिटं बघितली की पाच जणांचा आकडाच इतका होतो की पुढे हॉटेल बघावंसंही वाटत नाही. नवऱ्याला एकच दिवस रजा आहे. एकूण बजेट ६०० सिंगापूर डॉलर, त्याच्या वर जायचं नाही हे ठरलंय. मलेशियातलं मलाका डोक्यात आहे कारण बसने जाता येतं आणि मोठा इतिहासवेडा आहे. पण धाकटीला बसमध्ये मळमळतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि कॉजवेच्या, म्हणजे मलेशियाला जोडणाऱ्या पुलावरच्या, गर्दीच्या गोष्टी ऐकून ऐकून मीच घाबरलेय. कोणी मुलं आणि आजी-आजोबा घेऊन गेलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा, कुठून निघालात, कुठे वेळ गेला, कुठे पैसे गेले.

जुरॉंगवासी
आम्ही तीनदा गेलोय. अंतर २४० किमीच्या आसपास आहे, म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जावं तेवढं, पण तेवढाच वेळ लागेल असं धरू नका, मधे दोन देशांचं इमिग्रेशन आहे. गर्दी नसली तर चार-साडेचार तास, असली तर सात तास पण लागलेत आम्हाला. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की कुठे जायचं, काय बघायचं हे नंतर ठरवा, आधी बॉर्डर किती वाजता ओलांडायची ते ठरवा, सगळी ट्रिप त्याच्यावर उभी असते. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी सगळं सिंगापूर तिकडे निघतं, आणि रविवारी दुपारनंतर सगळं परत येतं. तुमच्याकडे एक रजा आहे ना, ती शुक्रवारी घेऊ नका, सोमवारी घ्या. शनिवारी पहाटे पाचला घर सोडायचं आणि सोमवारी दुपारी परत. रविवारच्या रात्री हॉटेल पण स्वस्त मिळतं, शनिवारच्या निम्म्यात सुद्धा मिळालंय आम्हाला.

सांगलीकर_इन_सिंगापूर
सांगली वाचून आत आलो :) आईंना नमस्कार सांगा.
कागदपत्रांचं आधी बघून घ्या ताई, कारण तिथे चूक झाली तर ट्रिप पुलावरच संपते. भारतीय पासपोर्टला मलेशियाचा व्हिसा सध्या लागत नाही, १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत फ्री आहे आणि ती सवलत २०२६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलीय. पण एमडीएसी म्हणजे त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड प्रत्येकाचं भरावंच लागतं, ५ वर्षांच्या मुलीचं पण, आणि ते पोचायच्या आधी तीन दिवसांच्या आतच भरता येतं. ते फुकट असतं. सर्च केल्यावर वरती ज्या साइट येतात त्यातल्या काही पैसे मागतात, त्या खोट्या, मलेशियन इमिग्रेशनच्या साइटवरच जा.
आणि मुलांचे पासपोर्ट आज रात्रीच काढून बघा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आपल्या दहा वर्षांच्या हिशोबात ते लक्षात राहत नाही, आणि सहा महिन्यांची व्हॅलिडिटी शिल्लक लागते. आमच्या मुलीच्या पासपोर्टला चार महिने उरले होते आणि आम्हाला ते निघायच्या आदल्या रात्री कळलं. ती फार रडली. हॉटेलचे पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटलं पण तिला समजावताना जे वाटलं ते अजून आठवतं.
आईंच्या बाबतीत दोन गोष्टी. त्यांचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल जर्नी आहे का ते बघा, कारण पूल ओलांडून परत येणं ही नवीन एन्ट्री धरतात. आणि त्या व्हिजिटर आहेत म्हणून परत येताना त्यांचं एसजी अरायव्हल कार्ड पुन्हा भरायचं, तुम्ही इथे राहण्याचे पासवाले असल्याने तुम्हाला नाही.

क्लेमेंटीची_आई
बाप रे, धाकटीचा पासपोर्ट बघितला, ऑक्टोबरपर्यंत आहे, म्हणजे थोडक्यात बसतोय!! आईंचा व्हिसा मल्टिपल आहे. खरंच खूप धन्यवाद, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

हिरवी_मिरची
मलाकाच का पण? लहान मुलांना इतिहासात काय रस, जोहोर बाहरूला लेगोलँड आहे, पुलापासून अर्ध्या तासावर. किंवा बाताम, फेरीने तासाभरात बीच.

जुरॉंगवासी
लेगोलँड छानच आहे, पण पाच जणांची तिकिटं काढली की ६०० मधले किती उरतील बघा, आणि आजीने दिवसभर तिथे काय करायचं? बातामला भारतीय पासपोर्टला व्हिसाचे पैसे माणशी पडतात, मुलांना त्यात सूट नाही, वर फेरी. मलेशियाला हा खर्च शून्य. बजेट ट्रिपमध्ये हाच फरक मोठा असतो, हॉटेलमध्ये वीस डॉलर वाचवण्यापेक्षा जाण्यायेण्याचा माणशी खर्च किती जणांनी गुणला जातोय ते बघावं.

चालक२४
गाडी असेल तर लिहितो, नसेल तर सोडून द्या, पण हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून. सिंगापूरची गाडी बाहेर नेताना टाकी पाऊण भरलेली लागते, नाहीतर परत पाठवतात आणि दंड. व्हीईपीचा, म्हणजे परदेशी गाडीच्या मलेशियातल्या परवान्याचा, टॅग लागतो, जुलै २०२५ पासून नसला तर ३०० रिंगिट दंड लावतायत. टोलसाठी टच अँड गो कार्डात पैसे भरून ठेवा. तिकडे आरओएन ९५ पेट्रोल परदेशी गाडीला भरायला मनाई आहे, ते त्यांच्या लोकांसाठी सबसिडीचं आहे, ९७ भरायचं. प्लस हायवेवर ऐर केरोहला बाहेर पडायचं. सिंगापूरच्या चेकपॉइंटसाठी त्यांच्या इमिग्रेशनच्या मायआयसीए ॲपमध्ये सगळ्यांचा मिळून एक क्यूआर करता येतो, दहा जणांपर्यंत, त्या बाजूला पासपोर्ट काढून द्यावे लागत नाहीत. झोपलेली मुलं झोपूनच पार होतात, हे गाडीचं खरं सुख. आणि मुलांच्या सीट इथल्यासारख्याच तिथे पण सक्तीच्या आहेत, काढून ठेवू नका.

क्लेमेंटीची_आई
गाडी नाहीये आमच्याकडे. थेट कोच घ्यावा की तुकड्या तुकड्यांत जावं? कोणी तेब्राऊ ट्रेन म्हणतं.

सांगलीकर_इन_सिंगापूर
तेब्राऊ शटल एकदम भारी, सिंगापूरच्या वुडलँड्सहून जेबी (जोहोर बाहरू) सेंट्रल पाच मिनिटं, ५ डॉलर, आणि जाताना दोन्ही देशांचं इमिग्रेशन वुडलँड्सलाच होऊन जातं. येताना तेवढंच ५ रिंगिटला. पण सुट्टीची तिकिटं फार आधी संपतात आणि जाताना पहाटेची गाडी मिळत नाही, तुमच्या पाचच्या प्लॅनमध्ये बसणार नाही. येताना मात्र बघा.
थेट कोचमध्ये दोनदा सगळं सामान घेऊन उतरायचं, जिने चढायचे, रांग लावायची, आणि उशीर झाला तर कोच थांबेलच असं नाही, पुढच्याची वाट बघायची. तरुण पोरांना ठीक आहे. गुडघे दुखत असतील तर मी म्हणेन बॉर्डरला पैसे खर्च करा आणि बाकी ठिकाणी वाचवा. बान सान स्ट्रीटहून लायसन्सवाल्या टॅक्सी जोहोर बाहरूच्या लार्किन बसस्टँडपर्यंत जातात, टॅक्सीत बसल्या बसल्या दोन्ही इमिग्रेशन. पाच जण म्हणजे मोठी टॅक्सी आधी बुक करा. लार्किनहून मलाका सेंट्रलला दिवसभर बस आहेत, तीनेक तास, स्वच्छ, रुंद सीट, तिकीट पंचवीस रिंगिटच्या आतबाहेर. टेलिग्राम ग्रुपवरच्या स्वस्त प्रायव्हेट गाड्यांच्या नादी लागू नका, लायसन्स नसलेल्या असतात, इन्शुरन्स नाही, मुलं बरोबर असताना तर नकोच.

रानजाई
धाकटीच्या मळमळीसाठी: पहाटे दूध देऊ नका. माझ्या लेकाला दुधाने हमखास व्हायचं. कोरडी पोळी नाहीतर खाकरा, पुढच्या बाजूची सीट, आवळा सुपारी तोंडात. पिशव्या हातात ठेवा, सॅकच्या तळाशी नको.
बाय द वे आवळ्यावरून आठवलं, मलाका हे नावच आवळ्यावरून आलंय माहितीय का! तिथली गोष्ट अशी की परमेश्वर नावाचा राजपुत्र सिंगापूरहून पळाला, साधारण १४०० च्या सुमारास, आणि एका झाडाखाली विसावला असताना त्याच्या शिकारी कुत्र्याला एका छोट्याशा पिसोरी हरणाने लाथ मारून नदीत पाडलं. जिथलं एवढंसं हरीण एवढं धीट तिथेच राज्य वसवायचं म्हणून त्याने झाडाचं नाव विचारलं, ते मलाका, म्हणजे आपला आवळा, संस्कृत आमलक. आपल्याकडे विजयनगरची गोष्ट सांगतात ना, ससा कुत्र्यांच्या मागे लागला तिथे राजधानी वसवली, अगदी तशीच. बसमध्ये ही गोष्ट सांगा. तुम्ही सिंगापूरहून निघून परमेश्वराच्याच रस्त्याने चाललाय.

क्लेमेंटीची_आई
ओह हे किती सुंदर आहे, मोठ्याला आत्ताच सांगितलं, तो नकाशा घेऊन बसलाय.

मडगावकर
मी मूळ गोव्याचा, म्हणून मलाकाला जाताना माझ्या मनात वेगळंच काही होतं. मुलांना इतिहास कंटाळवाणा होतो तो पाट्या वाचून दाखवल्या की. एकच धागा धरा. पोर्तुगीज अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी १५११ मध्ये मलाका. तिथे अ फामोसा किल्ल्याचा आता एक दरवाजाच उरलाय, त्याच्या मागच्या टेकडीवर सेंट पॉल चर्चचे अवशेष, छप्पर नाही, नुसत्या भिंती आणि वारा. सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये काही महिने तिथे पुरला होता, मग गोव्याला आणला, आणि आता जुन्या गोव्यात बॉम जेझस चर्चमध्ये आहे ते सगळ्यांना माहितीच आहे. ती रिकामी कबर जाळीखाली अजून दाखवतात. मी लहानपणी आजीचा हात धरून जुन्या गोव्याच्या फेस्ताला गेलो होतो आणि इथे त्या रिकाम्या जागेपाशी उभा राहिलो तेव्हा खरंच अंगावर काटा आला. माझा मुलगा सात वर्षांचा, त्याने विचारलं म्हणजे इथून आपल्या घरी गेले का ते. हो म्हटलं.
टेकडी लहान आहे पण पायऱ्या आहेत, आजींना खाली बसवा, झाडाखाली सावली आहे. सकाळी आठला चढा, अकराला दगड तापतात.
नदीकाठी अल्बुकर्कच्या फ्लोर द ला मार जहाजाची प्रतिकृती आहे, आत म्युझियम. खरं जहाज मलाक्याची लूट घेऊन जाताना १५११ मध्येच सुमात्राजवळ बुडालं. मुलांना जहाजात वर-खाली फिरायला फार आवडतं.

हिरवी_मिरची
बरं, माघार. हे वाचून मलाच जावंसं वाटायला लागलं. व्हेज लोकांचं जेवणाचं काय पण?

रानजाई
आम्ही पूर्ण शाकाहारी. केळीच्या पानावर वाढणारी तमिळ हॉटेलं आहेत, लिटल इंडियाच्या बाजूला, तिथे पोटभर भात-सांबार-भाज्या मिळतात. सकाळी रोटी चनाई म्हणजे पराठ्यासारखी पोळी, थोसाई म्हणजे डोसा. पण चनाईबरोबर येणारी आमटी विचारून घ्या, कधी फिश करी असते. आणि नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात) 'साधा' मागितला तरी सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बेलाचान म्हणजे कोळंबीची वाटून आंबवलेली चटणी असते, वर सुके मासे. 'सायूर' म्हणजे भाजी, पण त्यात सुकी कोळंबी नसेलच असं नाही. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ताक नाक दागिंग, ताक नाक इकान, ताक नाक उदांग. मांस नको, मासा नको, कोळंबी नको. लोक अतिशय प्रेमाने ऐकतात, मुलांनी म्हटलं की आणखीच. मुलांना अजून एक खेळ द्या, मलय भाषेत आपले शब्द शोधायचे. बाहासा म्हणजे भाषा, बुमी भूमी, काचा काच, सिंगा सिंह. पाटी वाचली की पॉइंट.
चेंडोल खायचंच खायचं. बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया, आणि वरून गुला मलाका, ताडगुळाचा काळा पाक. आपल्या माणसाला तो गूळ लगेच ओळखीचा वाटतो.
आजींना जालान तुकांग एमासला नक्की न्या, म्हणजे सोनार गल्ली. तिथे श्री पोय्याथा विनायगर मूर्ती मंदिर आहे, गणपतीचं, १७८१ चं, डचांच्या काळात चिट्टी समाजाने बांधलेलं. चिट्टी म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी तमिळनाडूतून आलेले व्यापारी, बोलतात मलय पण देव आपले. त्याच गल्लीत १७४८ ची मशीद आणि जुनं चिनी देऊळ, सगळं पाच मिनिटांत चालत.

जुरॉंगवासी
पैशाचे राहिलेले मुद्दे पटापट. हॉटेलवाले परदेशी लोकांकडून खोलीमागे रात्रीला १० रिंगिट टुरिझम टॅक्स वेगळा घेतात, बुकिंगमध्ये दिसेलच असं नाही. रोख रिंगिट जवळ ठेवा, मलाक्यातल्या जोंकर रस्त्यावरच्या रात्रीच्या बाजारात लागतात, तो बाजार फक्त शुक्र-शनि-रवि असतो. कार्टूनने सजवलेल्या सायकलरिक्षात बसण्याआधी भाव आणि वेळ दोन्ही ठरवा. ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) तिथे स्वस्त आहे पण पाच जणांना सहा सीटवालीच बुक करा, मुलं मांडीवर चालत नाहीत. आणि हॉटेल पूलवालं घ्या, थोडे जास्त गेले तरी. बारा ते चार ऊन इतकं असतं की बाहेर काढलेलं मूल संध्याकाळी फक्त रडतं.

क्लेमेंटीची_आई
आलो जाऊन!! उशीर झाला लिहायला, आल्या आल्या शाळा सुरू झाली.
शनिवारी पहाटे पाचला टॅक्सी, सव्वासहाला लार्किन. खरंच. दोघं झोपूनच होते. सातची बस, दहा-सव्वादहाला मलाका सेंट्रल, धाकटीला एकदाही उलटी नाही, खाकरा आणि आवळा सुपारी, रानजाईताई तुम्हाला मिठीच मारायला हवी. शनिवारी मी सगळं बघून घेऊ म्हणून आधी म्युझियम, मग नदीची बोट असं करत दुपारपर्यंत ओढलं आणि तीन वाजता धाकटी रस्त्यात बसली, उठेचना. तेव्हा जुरॉंगवासींचं बारा ते चार आठवलं. रविवारी मग तेच केलं, सकाळी टेकडी, दुपारी पूल, संध्याकाळी बाजार, आणि तो दिवस फार छान गेला.
टेकडीवर मोठा त्या रिकाम्या कबरीपाशी बराच वेळ उभा होता आणि बाहेरच्या सेंट झेवियरच्या पुतळ्याचा हात का नाही म्हणून विचारत होता. आई खाली सावलीत बसल्या होत्या, तिथे एक म्हातारी चिनी बाई पंखा घेऊन शेजारी बसली, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण अर्धा तास गप्पा चालू होत्या, गुडघेच दाखवत होत्या बहुतेक.
गणपतीच्या देवळात आईंनी अथर्वशीर्ष म्हटलं. पुजारी थांबून ऐकत राहिले, मग मुलांच्या हातात केळी दिली. आई बाहेर आल्यावर म्हणाल्या एवढ्या लांब येऊन माहेरी आल्यासारखं वाटलं.
हिशोब: हॉटेल दोन रात्री फॅमिली रूम ४२० रिंगिट, टॅक्स २०, लार्किन-मलाका बस जाऊन येऊन पाच जणांची २५०, जेवणखाण ४३०, बोट-जहाज-रिक्षा २६०, ग्रॅब ६०. म्हणजे १,४४० रिंगिट, आमच्या भावाने ४५० डॉलरच्या आसपास. बॉर्डरच्या दोन्ही बाजू मिळून ९५ डॉलर. एकूण ५४५. येताना तेब्राऊची सोमवार दुपारची तिकिटं मिळाली म्हणून तो खर्च कमी झाला, टॅक्सी दोन्हीकडून असती तर ६०० ला लागलो असतो.

चालक२४
एक नंबर. आजींच्या गुडघ्यांना येताना ट्रेनचं कसं गेलं? माझी आई मे महिन्यात येतेय, गाडीतून न्यायची की ट्रेनने बघायचंय.

क्लेमेंटीची_आई
जेबी सेंट्रलला लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, चढउतार विशेष नाही, पण रांगेत उभं राहणं होतं, मलेशियाचं तिकडे आणि सिंगापूरचं वुडलँड्सला उतरल्यावर. आम्ही एक छोटं घडीचं स्टूल नेलं होतं, सिम लिममागच्या दुकानातून सात डॉलरला, आई रांगेत त्याच्यावर बसून पुढे सरकत होत्या. गाडी असेल तर मात्र गाडीनेच न्या काका, बसल्या जागी होतं सगळं. आणि त्यांचं अरायव्हल कार्ड परतीच्या वेळी विसरू नका, आमच्या पुढच्या एका कुटुंबाचं तिथेच अडलं होतं, बिचारे फोनवर भरत बसले होते.